अल्पोपहाराचे लाभार्थी

‘लाभार्थी’ हा शब्द दिसला की मला मळमळतं. एसटीच्या मागच्या जाहिरातीवर दिसू दे, पंचायत समितीच्या भिंतीवर दिसू दे, नाहीतर मोबाईलवर आलेल्या कुठल्याशा निरोपात. बायको म्हणते, त्या शब्दानं तुमचं काय घोडं मारलंय? तिचं बरोबर आहे. शब्दानं काहीच केलेलं नाही. लाभ अधिक अर्थी, दोन अ मिळून एक आ, शाळेतल्या पोरालाही सोडवता येईल असा संधी. घोडं मारलं असेल तर ते मी, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं.

मी मुद्रितशोधक होतो. नाशिकच्या एका दैनिकात सतरा वर्षं मी इतरांच्या वेलांट्या नीट केल्या. हे काम करणाऱ्या माणसाचा स्वभाव हळूहळू किरकिरा होत जातो. हॉटेलात गेलो तर मी आधी पाटीवरचं शुद्धलेखन वाचतो आणि मग भुकेचं बघतो. पण या किरकिरीची खरी मालकीण ताई. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचे आईवडील मखमलाबादच्या बाजूला फुलं करायचे, झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. शेतात हात कमी पडायला लागले तेव्हा नववीत ताईची शाळा सुटली. शाळा सुटली तरी व्याकरणाचं पुस्तक सुटलं नाही. झेंडूच्या ढिगापुढे आम्ही दोघं बसायचो. ती फुलं निवडायची, मी टोपलीत भरायचो, आणि भरता भरता तिचा तास चालायचा.

कर्ता ओळखायची तिची रीत एकच होती. क्रियापदातल्या धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ विचारायचं. आई फुले तोडते. तोडणारी कोण? आई. झाला कर्ता. वडिलांनी पाणी सोडले. सोडणारा कोण? मी एकदा मुद्दाम विचारलं, ‘ताई मला मारते’, यात काय? ती म्हणाली, मारणारी ताई, ती कर्ता, आणि मार खाणारं कर्म, आता गप फुलं भर. माझं सगळं भाषाज्ञान त्या ढिगापाशी सुरू झालं. पुढे मी पेपरात लागलो तेव्हा ती लग्न होऊन सिन्नरला गेली होती. कंपनीची गाडी यायच्या आत ती माझा पेपर वाचून काढायची आणि साडेसहाला फोन करायची. “पान तीन, खालच्या बाजूला. ‘दुरुस्ती’तला रु तुम्ही दीर्घ केलाय. दुरुस्तीचीच दुरुस्ती करायची वेळ आलीय रे.” एवढं बोलून ती फोन ठेवायची. मला राग यायचा, पण चूक तिथे असायचीच.

मग लॉकडाऊन आला. पेपराची पानं निम्मी झाली आणि मालकांना आठवलं की संगणकात शुद्धलेखन आपोआप तपासलं जातं. सगळ्यात आधी आमचं टेबल उचललं. आठ महिने मी घरी बसलो. बसणं म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. दुपारी पोरं ऑनलाइन शाळेत असायची, बायको शेजारणींचे ब्लाऊज शिवायची, आणि मी किराणा बांधून आलेल्या कागदातल्या चुका शोधत बसायचो. त्या आठ महिन्यांची भीती माझ्या अंगात मुरली. पुढे मी जे वागलो त्यात ती भीती किती आणि माझा मूळचा नेभळटपणा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

एका जुन्या वार्ताहर मित्रानं मला एका आमदाराच्या संपर्क कार्यालयात चिकटवलं. मतदारसंघ कोणता, पक्ष कोणता, ते सांगण्यात अर्थ नाही. आमदार नाशिक जिल्ह्यातला होता एवढं पुरे. गंगापूर रोडला एका इमारतीच्या तळमजल्यावर कार्यालय होतं. सकाळी नऊपासून तिथे प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये बायोडाटा घेतलेली माणसं बसलेली असायची. कोणी ओझरच्या विमान कारखान्यात हंगामी होता, कोणी सातपूरला मशीन चालवत होता, कोणाची मुलगी इंजिनिअर होऊन दुकानात उभी होती. साहेब यायचे, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे, प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. हे ढोंग नव्हतं हो. त्यांना खरंच नावं लक्षात राहायची. मला आधी ते फार आवडलं होतं.

माझं काम लिहिण्याचं. शुभेच्छा, श्रद्धांजली, सभागृहातली भाषणं, प्रश्न आणि शिफारसपत्रं. शिफारसपत्रांचे तीन नमुने तयार होते आणि ते मला साहेबांच्या पीएनं पहिल्याच दिवशी समजावले. पीए म्हणजे बारीक मिशीचा, सतत दोन फोन हातात असलेला माणूस. एक नंबरच्या पत्रात ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असं लिहायचं. कंपनीतला माणूस ते वाचायचा आणि फाईलला लावून विसरायचा. दोन नंबरमध्ये ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’. त्यावर निदान फोन यायचा. तीन नंबरमध्ये ‘आपण व्यक्तिशः लक्ष घालावे’ असं असायचं, आणि ते पत्र पोचायच्या आत पीएचा फोन पोचलेला असायचा. माणूस समोर बसलेला असताना पीए मला म्हणायचा, “यांना छान पत्र द्या, एक नंबर.” तो माणूस एक नंबर ऐकून खूश व्हायचा. हात जोडून, पत्र छातीशी धरून जायचा. मला पहिल्या आठवड्यात या प्रकाराची किळस आली. दुसऱ्या आठवड्यात मी एक नंबरच्या पन्नास प्रती काढून ठेवल्या, म्हणजे वेळ वाचतो.

लॉकडाऊननंतर उद्योग उभे कसे राहणार आणि हाताला काम कसं मिळणार, यावर साहेबांनी सभागृहात भाषण केलं. ते मी लिहिलं होतं. ‘उभारी’ हा शब्द त्यात मी सात वेळा घातला होता. भाषणातला मुख्य मुद्दा असा होता की जो कारखाना नवीन रोजगार देईल त्याला सरकारनं सवलत द्यावी. बाकं वाजली. पुढे कुठल्याशा योजनेत ते आलंही, आणि नाशिकच्या द्वारका चौकात साहेबांचा हसरा फलक लागला. ‘नवीन’ या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही. सतरा वर्षं शब्द तपासले आणि नेमका तोच सुटला.

तो सापडला ताईला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ती चौदा वर्षं तांब्याच्या तारेची वेटोळी करायची. मोटारीत बसतात ती वेटोळी. तिच्या उजव्या तर्जनीला तारेनं कायमची खाच पडली होती. लॉकडाऊनमध्ये कंपनीनं सगळ्या बायकांना सांगितलं, घरी थांबा, सुरू झालं की बोलावू. कारखाना सुरू झाला. बोलावणं आलं नाही. कंत्राटदारानं नव्या पोरी आणल्या आणि ताईसकट बेचाळीस जणी घरीच राहिल्या. ताईच्या नवऱ्याचे गुडघे गेलेले, तो जीप चालवायचा ते बंद झालेलं. घर तिच्या त्या एका बोटावर चाललं होतं.

ती मला फोनवर म्हणाली, “आम्ही गेलो म्हणून नवीन आल्या. नवीन आल्या म्हणून रोजगार वाढला. तुझ्या साहेबानं मागितलं तेच झालं की रे.” मी म्हणालो, ताई, असं नसतं ते, धोरण मोठं असतं. ती म्हणाली, “मोठं असंल. पण आम्हाला परत घ्यायला सांग म्हणावं. दुसरं काय नको.”

तिला एवढंच हवं होतं, तीच जागा आणि तेच मशीन.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आपण रोजगार मेळावा घेतोय ना पंधरा दिवसांत. ताईंना बोलवा. सगळ्याच जणींना बोलवा.” मी ताईला सांगितलं. ती यायला नाखूश होती. मला जुनं काम पाहिजे, जत्रा काय करायची, म्हणाली. मी हट्ट केला. माझ्या शब्दाखातर ती आली, आणि तिच्या शब्दाखातर बाकीच्या एक्केचाळीस जणी आल्या, तीन जीपांत दाटीवाटीनं, हातात बायोडाटा आणि कंपनीची जुनी ओळखपत्रं घेऊन.

मेळावा एका लॉन्सवर होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच उभी होती, फक्त वधूवरांच्या नावांवर साहेबांचा फ्लेक्स बांधला होता. कंपन्यांची टेबलं होती सात-आठ. ताई पहिल्या टेबलावर गेली तेव्हा तिथल्या पोरानं फाईल न उघडता वय विचारलं. चव्वेचाळीस, ती म्हणाली. तो म्हणाला, मावशी, आम्हाला पंचविशीच्या आतले हवेत, शिकाऊ. दुसऱ्या टेबलावरही तेच. चौथ्या टेबलानंतर बायकांनी विचारायचं सोडलं आणि मंडपाच्या कडेला बसून राहिल्या. मंचावर साहेब उभारीबद्दल बोलत होते.

नोंदणीच्या टेबलावर कोणी थांबत नव्हतं, म्हणून पीएनं युक्ती केली. रजिस्टर उचलून नाश्त्याच्या टेबलावर नेलं. नाव, गाव, आधीची कंपनी, मोबाईल आणि सही, मग पोह्यांची बशी आणि चहा. मी स्वतः तिथे उभा राहून ताईच्या हातात पेन दिलं. तिनं सही केली, पोहे खाल्ले, आणि जाताना मला म्हणाली, “पोह्यांत मीठ बरोबर होतं. तेवढंच बरोबर होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल वर पाठवायचा होता. कार्यालयात पीए, मी आणि टंकलेखनाची मुलगी. रजिस्टरची पानं झेरॉक्स करून जोडायची आणि वर एक शीर्षक टाकायचं. मुलीनं ‘उपस्थित’ असं टाकलं होतं. पीएच्या कपाळावर आठी आली. उपस्थित फारच बारीक वाटतं, तो म्हणाला, काहीतरी भारदस्त द्या, तुम्ही भाषेचे माणूस. मला त्या क्षणी विनोद सुचला. आपल्याकडे पत्रिकेत लिहितात ना, महाप्रसादाचा लाभ घ्यावा. मी म्हणालो, “अल्पोपहाराचा लाभ तर सगळ्यांनीच घेतलाय. लाभार्थी म्हणा.” मुलगी खळखळून हसली. मीही हसलो. पीए हसला नाही. त्यानं मान डोलावली, म्हणाला, वा, आणि मुलीकडून ‘उपस्थित’ खोडून ‘लाभार्थी’ करून घेतलं. ‘अल्पोपहाराचे’ मात्र त्यानं घेतलं नाही.

मी तेव्हा त्याला अडवू शकलो असतो. अहो, गंमत केली, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण मला वा मिळाली होती. पेपरात सतरा वर्षांत मला कोणी वा म्हटलं नव्हतं.

हिवाळी अधिवेशन जवळ आलं. साहेबांच्या नावावर प्रश्न जास्त दिसले पाहिजेत म्हणून पीए विषय शोधत होता. मी ताईचा विषय पुढे केला आणि त्यानं तो लगेच घेतला. प्रश्न मी जीव ओतून लिहिला. अमुक औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने उत्पादन पुन्हा सुरू करताना बेचाळीस जुन्या महिला कामगारांना कामावर परत घेतले नाही, हे खरे आहे काय. असल्यास, त्यांना परत घेण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मी ताईला फोन करून तो अख्खा वाचून दाखवला. ती म्हणाली, “स्वल्पविराम बरोबर ऐकू आले.” तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा लागत होता. तिनं बाकीच्या बायकांना सांगितलं की आपला प्रश्न थेट नागपूरला गेलाय.

उत्तर छापील यादीत आलं. मी कार्यालयात उभ्या उभ्या वाचलं.

(१) हे खरे नाही. (२) सदर महिला कामगार या लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने आयोजित रोजगार मेळाव्याच्या लाभार्थी असून त्यांना रोजगार उपलब्ध झाला आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. आत आलो तर पीए आनंदात होता. प्रश्न आल्यावर मुंबईहून जिल्ह्याला विचारणा झाली होती, जिल्ह्यानं आमच्याकडे विचारलं होतं, आणि त्यानं आमचाच मेळाव्याचा अहवाल जोडून पाठवून दिला होता. मला सांगायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. “बघा,” तो म्हणाला, “प्रश्न पण आपला, उत्तर पण आपलं.” यात काही गैर आहे हे त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. त्याला शिव्या द्याव्यात असं मला वाटलं, पण शब्द माझा होता.

पेपरात आमच्याकडे सोय असायची. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी चौकटीत दुरुस्ती छापायची. मी एका कागदावर शुद्धिपत्र लिहिलं. ‘लाभार्थी’ ऐवजी ‘उपस्थित’ असे वाचावे. तेवढी एकच ओळ घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी ती वाचली, कागदाची बारीक घडी केली आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

“तुमची तळमळ कळते मला,” ते म्हणाले. “पण विचार करा. मेळावा आपण घेतला. आता आपणच उठून म्हणायचं की त्यात कोणाला काही मिळालं नाही? उद्या मेळावेच बंद पडतील. त्यात गरिबाचंच नुकसान आहे.”

मी म्हणालो, साहेब, माझी बहीण आहे त्या यादीत.

“मग ताईंचं मी बघतो. पत्र घ्या माझं.”

बाहेर पीएला त्यांनी फोनवर सांगितलं. पीए माझ्याकडे वळला आणि सवयीनं म्हणाला, “ताईंना छान पत्र द्या. एक नंबर.” मग त्याच्या लक्षात आलं की मला तो नंबर कळतो. त्यानं डोळे फोनकडे वळवले. मी कपाटातून आधीच काढून ठेवलेल्या पन्नासांतली एक प्रत घेतली, तिच्यावर ताईचं नाव घातलं आणि सहीला पाठवली. सही आली. ते पत्र मी ताईला दिलं नाही. ते गंगेवर नेऊन गोदावरीत सोडावं म्हणून दोनदा खिशात घालून घाटावर गेलो, आणि दोन्ही वेळा परत घेऊन आलो.

त्या वर्षीचा साहेबांचा कार्यअहवाल गुळगुळीत कागदावर निघाला. मुद्रितशोधन माझं. डाव्या पानावर होतं, सिन्नरच्या महिला कामगारांवरील अन्यायाविरुद्ध सभागृहात आवाज उठवला. उजव्या पानावर होतं, त्याच महिलांना मेळाव्यातून रोजगार मिळवून दिला. पान मिटलं की दोन्ही मजकूर एकमेकांना चिकटायचे. मी दोन्हीकडच्या वेलांट्या तपासल्या. चूक एकही नव्हती.

ताई आणि त्या बायकांनी धीर सोडला नव्हता. त्यांनी कामगार कार्यालयात अर्ज दिला होता की आम्हाला परत कामावर घ्या. कंपनीच्या वकिलानं सुनावणीत सभागृहाचं ते उत्तर ठेवलं. अधिकाऱ्यानं खातरजमा करायची म्हणून आमच्या कार्यालयातून माणूस बोलावला. पीएला साहेबांबरोबर देवळ्याला कांद्याच्या बैठकीला जायचं होतं. त्यानं मला पाठवलं. अहवालात आहे तेवढंच बोला, तो म्हणाला, आणि पुढच्या महिन्यापासून तुम्हाला कायम करायचं चाललंय हे पण सांगून ठेवतो.

सुनावणीची खोली लहान होती. ताई बायकांच्या पुढे बसली होती. अंगावर लग्नाकार्याला नेसायची साडी. मला बघून तिचा चेहरा उजळला. आपला माणूस आला, असं तिनं मागे वळून सांगितलेलं मी ऐकलं.

अधिकारी वयस्कर होता, कंटाळलेला, पण वाईट नव्हता. त्यानं रजिस्टरची झेरॉक्स तिच्यापुढे धरली. “ही सही तुमची?”

“माझीच हाय, सर.”

“वर काय लिहिलंय ते वाचा.”

ताईनं वाचलं. “लाभार्थी. पण सर, ती सही पोह्यांची हाय.”

वकील हसला. मागे कोणीतरी खोकल्यासारखं केलं. ताई हसली नाही. तिनं परत सांगितलं, सावकाश, “तिथं नाव लिहिल्याबिगर पोहे देत नव्हते. आम्ही सगळ्यांनी पोह्यांसाठी सही केली. काम कोणालाच मिळालं नाय. याला विचारा, हा तिथंच उभा होता. पेन यानंच दिलं.”

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही कार्यालयाचे ना? या यादीत लाभार्थी म्हणजे काय अभिप्रेत आहे? हा शब्द कसा आला?”

मला एवढंच म्हणायचं होतं की तो मी सुचवला, गंमत म्हणून, आणि त्याचा अर्थ पोहे खाल्लेल्या बायका असा आहे. वाक्य तयार होतं. समोर ताई होती, तिचं खाच पडलेलं बोट साडीच्या पदरावर होतं. आणि मला माझी ती आठ महिन्यांची दुपार दिसली.

“अहवालात तसा शब्द वापरण्यात आला आहे,” मी म्हणालो.

अधिकाऱ्यानं थोडं थांबून पाहिलं. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं तेच वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. महिनाभरानं अर्ज निकाली काढल्याचं पत्र ताईच्या घरी गेलं.

सुनावणी झाली त्या दिवशी आम्ही द्वारकेला सिन्नरच्या गाडीसाठी उभे होतो. बाकीच्या बायका आधीच्या जीपांनी गेल्या होत्या. ताई मागे राहिली. मला वाटलं ती बोलेल, भांडेल, रडेल. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. मी पाणी प्यालो. माझ्या तोंडाला जी चव आली होती ती पाण्यानं गेली नाही. स्वतःचीच इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. मी म्हणालो, ताई, माझी नोकरी गेली असती.

“माहिती हाय मला,” ती म्हणाली. “म्हणून तर काय बोलले नाय.”

जीप आली. ड्रायव्हर सिन्नर सिन्नर ओरडत होता. ताई चढली, खिडकीशी बसली, आणि जीप भरेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. झेंडूच्या ढिगापाशी विचारायची त्याच आवाजात तिनं विचारलं.

“‘शब्द वापरण्यात आला.’ वापरणारा कोण?”

जीप निघाली. साडेसहाचा फोन त्यानंतर कधी आला नाही. ती आता एका द्राक्षाच्या पॅकिंगला जाते, हंगामापुरती. मी कायम झालो आणि आणखी सव्वा वर्ष त्या कार्यालयात पत्रं लिहीत राहिलो. मग सोडलं, पण तोवर सोडण्याला काही अर्थ उरला नव्हता. ताईच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र देणं राहून गेलं होतं. तिच्या नियमाप्रमाणे पूर्ण वाक्यात देतो. तो शब्द मी वापरला.